ऑफिसचा मेल ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये, आपला मेल आपल्या

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. फोनवर एकच मेल अ‍ॅप आहे आणि त्यात ऑफिसचा आयडी, माझा स्वतःचा आयडी आणि खरेदी-बिरेदीसाठी काढलेला तिसरा, असे तिन्ही एकत्र दिसतात. सोय म्हणूनच तसं केलं होतं. मागच्या आठवड्यात आईचे तपासणीचे रिपोर्ट भावाला पाठवायला घेतले, नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, समोर आलेलं नाव दाबलं आणि मेल गेला. नंतर कळलं की तो माझ्या ऑफिसच्या पत्त्यावरून गेला, आणि गेला तो त्याच नावाच्या एका सहकाऱ्याला! तेव्हापासून काही लिहायला घेतलं की धास्ती वाटते. त्यातच आता आयटी विभागाने कळवलंय, की पुढच्या महिन्यापासून फोनवर ऑफिसचा मेल फक्त मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक अ‍ॅपमध्ये आणि ‘वर्क प्रोफाइल’ लावूनच बघता येईल. फोन माझा आहे. त्यातले फोटो, मेसेज ऑफिसला दिसणार का? ऑफिससाठी कोणतं अ‍ॅप चांगलं आणि घरासाठी कोणतं? की सगळा ऑफिसचा मेल माझ्या आयडीवर फॉरवर्ड करून एकाच ठिकाणी बघू? आणखी एक सांगायचं राहिलं, बँक, विमा आणि बरीच खाती गेली कित्येक वर्षं ऑफिसच्याच आयडीवर आहेत. कृपया नाव छापू नका.

उत्तर

नमस्कार ताई,

आधी त्या रिपोर्टचं बघू, कारण तेच तुमच्या मनाला जास्त लागलंय. त्या सहकाऱ्यांना दोन ओळी लिहा: मेल चुकून तुमच्याकडे आला आहे, खाजगी आहे, कृपया काढून टाका. लांबलचक माफी नको. बहुतेक माणसं अशा वेळी समजूतदारपणे वागतात. तुमच्या कंपनीचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सेवेवर चालत असेल, तर संगणकावरच्या आउटलुकमध्ये ‘रिकॉल’ करून, म्हणजे पाठवलेला मेल परत मागवून, बघता येतं. ते कंपनीतल्या कंपनीतच चालतं. बाहेरच्या पत्त्यावर गेलेला मेल असा माघारी येत नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. तुमच्या ‘सेंट’मधून तो मेल पुसला, तरी कंपनीच्या सर्व्हरवर किंवा बॅकअपमध्ये त्याची प्रत राहू शकते. म्हणून आता पुसापुशीत जीव अडकवू नका. असं पुन्हा होणार नाही याची व्यवस्था करा, ती हातातली गोष्ट आहे.

हे झालं कसं, ते नीट समजून घ्या, म्हणजे धास्ती कमी होईल. तुम्ही वेंधळ्या नाही. ज्या अ‍ॅपमध्ये सगळे इनबॉक्स एकत्र दिसतात, तिथे आलेल्या मेलला उत्तर दिलं, की ते सहसा ज्या पत्त्यावर मेल आला होता त्याच पत्त्यावरून जातं. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं. कोरा मेल लिहायला घेतला, की मात्र अ‍ॅपला कळत नाही तुम्ही कोण म्हणून लिहिताय. ते सेटिंगमध्ये ठरवलेला डिफॉल्ट पत्ता उचलतं. तुमच्याकडे तो ऑफिसचा असणार, कारण बहुधा तोच आयडी आधी जोडला गेला. ‘फ्रॉम’ची ओळ मेलच्या डोक्यावर फिक्या, बारीक अक्षरांत असते. कितीतरी अ‍ॅपमध्ये तर ती दाबून उघडल्याशिवाय पूर्ण दिसतही नाही. शिवाय पत्ते सुचवणारी यादी तिन्ही खात्यांतून गोळा झालेली. ज्याला तुम्ही रोज लिहिता त्याचं नाव त्यात वर येतं, आणि भावाला आपण रोज मेल थोडाच करतो? त्याला फोन करतो. सहकाऱ्याला दिवसातून चार मेल जातात. दोन अक्षरांत कोणाचं नाव आधी येणार, हे ठरलेलंच होतं.

म्हणून माझं मत पक्कं आहे: ऑफिससाठी एक अ‍ॅप, घरासाठी दुसरं. एकाच अ‍ॅपमध्ये दोन खाती आणि त्यांना दोन रंग, असा तोडगा पुष्कळ जण सांगतात. तो मला पुरेसा वाटत नाही. रात्री दमलेल्या डोळ्यांना रंग दिसत नाहीत. अ‍ॅपच वेगळं असलं, की चुकीच्या पत्त्यावरून मेल जायला वाटच उरत नाही. आईचा रिपोर्ट ज्या अ‍ॅपमध्ये आहे, त्याला तुमच्या सहकाऱ्याचा पत्ता माहीतच नसतो. मात्र तुमचे स्वतःचे दोन आयडी, म्हणजे रोजचा आणि खरेदीचा, एकाच अ‍ॅपमध्ये खुशाल ठेवा. तिथे गल्लत झाली तरी घरातल्या घरात होते.

आता ऑफिससाठी कोणतं अ‍ॅप चांगलं, याचं उत्तर सोपं आहे. ऑफिस सांगेल ते. इथे आवडनिवड बाजूला ठेवा. ऑफिसचा मेल म्हणजे ऑफिसच्या टेबलाचा खण. बसता तुम्ही, पण खण त्यांचा. त्यातल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर असते. ग्राहकाची माहिती बाहेर गेली, तर जाब कंपनीला द्यावा लागतो. तेव्हा तो कोणत्या अ‍ॅपमधून उघडायचा, हे त्यांनी ठरवणं रास्त आहे. ‘मला अमुक अ‍ॅप जास्त आवडतं’ म्हणून ऑफिसचा पासवर्ड भलत्याच अ‍ॅपला देणं हे नियमात तर बसत नाहीच, आणि उद्या काही निसटलं तर बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल.

फोन मात्र तुमचा आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला वाटणारी काळजी योग्यच आहे. ‘वर्क प्रोफाइल’ या शब्दाने घाबरायला होतं, पण माझ्या मते तुमच्या आयटी विभागाने सुचवलेल्यात तुमच्या बाजूचं सगळ्यात चांगलं तेच आहे. का, ते सांगते.

पूर्वी फोनमधल्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये ऑफिसचं खातं जोडलं, की एक पडदा यायचा: या खात्याला फोनच्या व्यवस्थापनाचे अधिकार द्या. त्यातल्या यादीत ‘सगळा डेटा पुसणे’ हाही अधिकार असायचा. लोक न वाचता ‘होय’ दाबायचे. फोन हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला, की आयटीवाला तिकडून एक बटण दाबून पूर्ण फोन कोरा करू शकायचा. ऑफिसच्या मेलबरोबर मुलांचे फोटोही गेले! काही ठिकाणी आजही खातं याच पद्धतीने जोडलं जातं. असा पडदा दिसला, तर तिथेच थांबा आणि आयटीला विचारा.

अँड्रॉइडमध्ये 2014 साली, पाचव्या आवृत्तीपासून, वर्क प्रोफाइल आलं ते या दुखण्यावर उपाय म्हणूनच. ते लावलं, की अ‍ॅपच्या यादीत खाली दोन भाग दिसतात, एक ‘पर्सनल’, एक ‘वर्क’. वर्कमधल्या अ‍ॅपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस असते. ब्रीफकेसवालं आउटलुक, ब्रीफकेसवालं कॅलेंडर. त्या भागातला डेटा वेगळा साठवला जातो. तुमच्या स्वतःच्या फोनवर लावलेल्या वर्क प्रोफाइलमधून आयटीला त्या भागातलंच दिसतं आणि तेवढंच पुसता येतं. तुमचे फोटो, तुमचे मेसेज, तुम्ही कोणती अ‍ॅप टाकलीत, हे त्यांना तिथून दिसत नाही. फोनचं मॉडेल, त्याची आवृत्ती, स्क्रीनला लॉक आहे की नाही, एवढं कळू शकतं, आणि लॉक जरा कडक ठेवायची सक्ती ते करू शकतात. ऑफिसच्या मेलमधला मजकूर कॉपी करून तुमच्या चॅटमध्ये चिकटवता येणार नाही असंही होऊ शकतं. पहिले दोन दिवस वैताग येईल. पण हीच अडवणूक तुम्हाला त्या दिवशी वाचवू शकली असती, कारण भिंत दोन्हीकडून काम करते.

आयफोन असेल तर तिथे नाव वेगळं. 2019 च्या आयओएस 13 पासून ‘यूजर एनरोलमेंट’ नावाची सोय आहे. ऑफिसचा डेटा वेगळ्या जागी ठेवला जातो, आयटीला तुमची खाजगी अ‍ॅप दिसत नाहीत आणि पूर्ण फोन पुसता येत नाही. काही कंपन्या एवढंही करत नाहीत. त्या फक्त आउटलुक अ‍ॅपवर बंधनं घालतात. ते उघडताना वेगळा पिन, कॉपी-पेस्ट बंद, आणि नोकरी सुटली की त्या अ‍ॅपमधला ऑफिसचा डेटा साफ. फोनला ते हात लावत नाहीत. अशा वेळी अँड्रॉइडवर ‘कंपनी पोर्टल’ नावाचं आणखी एक अ‍ॅप टाकायला सांगतात. ते नाव बघून माणसं बिचकतात, पण आउटलुकवरची ही बंधनं अँड्रॉइडवर लागू करायला ते फोनमध्ये असावंच लागतं. नुसतं असणं पुरे. त्यात नाव नोंदवून पूर्ण फोन ऑफिसच्या ताब्यात द्यायची गरज या पद्धतीत नसते.

तर आयटीला मेल लिहा आणि तीन गोष्टी लेखी विचारा. माझ्या फोनवर वर्क प्रोफाइल लागणार आहे, की पूर्ण फोन तुमच्या व्यवस्थापनाखाली येणार आहे? फोन हरवला तर पुसणार काय, ऑफिसचा भाग की सगळा फोन? आणि नोकरी सोडताना हे काढायची पद्धत कोणती? तोंडी विचारू नका. लेखी विचारलं, की उत्तर देणाराही जपून आणि नेमकं देतो. उत्तर ‘पूर्ण फोन’ असं आलं, तर ऑफिसचा मेल आपल्या फोनवर घ्यायचाच नाही, किंवा ऑफिसकडे वेगळा फोन मागायचा. तो मागणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

वर्क प्रोफाइलचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. ते थांबवता येतं. अ‍ॅपच्या यादीत वर्कच्या भागातच त्याचं बटण असतं. ते दाबलं, की ब्रीफकेसवाली सगळी अ‍ॅप फिकी पडतात, त्यांची नोटिफिकेशन बंद होतात, आणि सकाळी पुन्हा चालू केलं की मेल जागच्या जागी. आयफोनवर त्यासाठी ठरावीक नोटिफिकेशन थांबवणारी ‘फोकस’ ही सोय आहे. आयओएस 16 पासून फोकसला फिल्टर लावता येतो, म्हणजे ‘घर’ नावाचा फोकस चालू असताना अ‍ॅपलच्या मेलमध्ये घरचंच खातं दिसेल आणि आउटलुकचं नोटिफिकेशन येणार नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कोस्तादिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांचा 2015 सालचा एक अभ्यास आहे. 124 प्रौढांना त्यांनी एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवा तितक्यांदा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात लोकांचा रोजचा ताण कमी होता. तुमच्या कामात तीनदा शक्य नसेल. हिशेबाच्या कामात महिनाअखेरीला तर नाहीच नाही. पण रात्री ऑफिसचा मेल न वाजणं शक्य आहे, आणि एकत्र अ‍ॅपमध्ये ते करणं अवघड जातं. तिथे भावाचं उत्तर आलंय का बघायला उघडावं, तर साहेबांचा लाल खुणेचा मेल डोळ्यांसमोर येतोच. मग झोपेचं खोबरं.

आता घरच्या मेलचं अ‍ॅप. इथे निवड तुमची, आणि इथेच लोक नको तितका घोळ घालतात. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. मेल सेवा वेगळी आणि अ‍ॅप वेगळं. हल्ली बहुतेक अ‍ॅप आयमॅप किंवा तत्सम पद्धतीने चालतात. मेल सर्व्हरवर असतो, अ‍ॅप तो दाखवतं. म्हणून अ‍ॅप बदललं तर मेल कुठे जात नाही. घाबरत घाबरत एकाच अ‍ॅपला चिकटून राहायचं कारण नाही. अपवाद पॉप या जुन्या पद्धतीचा. तिच्यात मेल संगणकावर उतरतो आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसला जातो. घरी एखाद्या जुन्या संगणकावर तसं खातं जोडलेलं असेल, तर तो संगणक काढून टाकण्याआधी ते नक्की तपासा.

माझा साधा सल्ला: ज्याची मेल सेवा, त्याचंच अ‍ॅप. जीमेल असेल तर जीमेलचं. स्पॅम कळवणं, शोधणं, लॉगिनची नवी पद्धत, सगळं तिथे नीट चालतं. जीमेलचे मोफत 15 जीबी हे गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटो यांच्यासह मिळून आहेत, हे मात्र विसरू नका. फोटोंनी जागा भरली, तर मेल यायचा थांबतो. आणि बँकेचा मेल आला नाही याचं कारण फोटो असतील, हे पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. आयफोनवर अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप घरच्या वापराला उत्तम. 2021 पासून त्यात एक सोय आहे. जाहिरातीच्या मेलमध्ये न दिसणारं एक चित्र दडवलेलं असतं, ते उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं तुम्ही मेल वाचला. ही हेरगिरी ते अ‍ॅप निकामी करतं, आणि चालू करू का असं पहिल्या वेळीच विचारतं. तेव्हा ‘होय’ म्हणा. तुमचा ऑफिसचा मेलही गूगलचाच असता आणि फोन आयफोन असता, तर मी म्हटलं असतं जीमेल अ‍ॅप ऑफिसला द्या आणि घरचा मेल अ‍ॅपलच्या अ‍ॅपमध्ये बघा. तुमचं ऑफिस आउटलुकवर जातंय, त्यामुळे तो पेच तुमच्यापुढे नाही.

संगणकावर मोझिलाचं थंडरबर्ड मला मनापासून आवडतं. 2004 साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ते मोफत आहे, जाहिरातीसाठी तुमच्या मेलात डोकावत नाही, आणि जुना मेल स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. ऑक्टोबर 2024 पासून अँड्रॉइडवरही आहे. मजकूर अगदीच खाजगी ठेवायचा असेल, तर स्वित्झर्लंडमधली प्रोटॉन मेल आहे. तुमच्या खात्यात साठवलेले मेल तिच्या सर्व्हरलाही वाचता येत नाहीत. पण ती थंडरबर्डसारख्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जोडायची, तर पैसे भरून त्यांचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. आईच्या रिपोर्टसाठी एवढं करायची मला तरी गरज वाटत नाही. भावाचा पत्ता बरोबर असणं जास्त महत्त्वाचं.

चकचकीत, नवनवीन अ‍ॅपबद्दल मी जरा जुन्या वळणाची आहे. मेलबॉक्स नावाचं एक अ‍ॅप होतं. लोकांनी डोक्यावर घेतलं, 2013 साली ड्रॉपबॉक्सने विकत घेतलं आणि 2016 साली बंद झालं. गूगलने स्वतः काढलेलं ‘इनबॉक्स’ 2014 साली आलं, 2019 साली गेलं. मेल कोणाचाच गेला नाही, पण त्या अ‍ॅपवर बसवलेली कामाची घडी सगळ्यांना मोडावी लागली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही अ‍ॅप तुमचा मेल स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घेतात. विंडोजमधलं जुनं मेल अ‍ॅप 2024 संपताना बंद झालं आणि लोकांना ‘नव्या आउटलुक’वर नेलं गेलं. त्यात तुम्ही दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं, की त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये जाते. जोडताना तसं सांगणारी सूचना येते, पण ती वाचतो कोण? ऑफिसचा मेल तसाही मायक्रोसॉफ्टकडेच असेल, त्याला हरकत नाही. घरचा मेल तिथे जोडायचं काही कारण नाही. आणि कोणत्याही अ‍ॅपने जीमेलचं खातं जोडताना तुम्हाला गूगलच्या पानावर न नेता आपल्याच चौकटीत पासवर्ड मागितला, तर तिथूनच मागे फिरा. मे 2022 च्या अखेरीपासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या अ‍ॅपला आत घेणं थांबवलंय. ज्या अ‍ॅपला हे माहीत नाही, त्याच्या हाती आपली पत्रं द्यायची नाहीत.

फॉरवर्डचा विचार मात्र मनातून काढून टाका. ऑफिसचा सगळा मेल आपल्या आयडीवर वळवणं बहुतेक कंपन्यांच्या नियमात बसत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते तांत्रिकरीत्याच बंद असतं. तुम्ही हिशेब विभागात आहात. पगाराचे आकडे, ग्राहकांची बिलं, बँकेचे तपशील तुमच्या हातून जातात. ते तुमच्या खाजगी इनबॉक्समध्ये सापडले, तर हेतू कितीही साफ असला तरी खुलासा तुम्हाला द्यावा लागेल. शिवाय अशा फॉरवर्ड झालेल्या मेलला तुम्ही घरच्या पत्त्यावरून उत्तर दिलंत, की ग्राहकाकडे तो पत्ता गेला. मग पुढची पत्रं तिकडेच यायला लागतात.

दोन सेटिंग आजच करून ठेवा, नवीन व्यवस्था व्हायची वाट बघू नका. पहिलं, सध्याच्या अ‍ॅपमध्ये डिफॉल्ट खातं ऑफिसऐवजी घरचं करा. चुकून घरच्या पत्त्यावरून ऑफिसचा मेल गेला तर थोडी लाज वाटेल, पण उलटं झालं तर काय होतं ते तुम्ही अनुभवलंय. दुसरं, ‘अनडू सेंड’ची, म्हणजे पाठवलेला मेल लगेच थांबवायच्या सोयीची, मुदत वाढवा. जीमेलमध्ये संगणकावरच्या सेटिंगमध्ये ती 30 सेकंदांपर्यंत नेता येते, अ‍ॅपलच्या मेलमध्येही तितकीच. पाठवल्यावर पहिल्या काही क्षणांतच आपल्याला चूक दिसते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. तेवढे क्षण हातात असू देत. आयफोन असेल तर मेलच्या सेटिंगमध्ये ‘मार्क अ‍ॅड्रेसेस’ आहे. तिथे कंपनीच्या पत्त्याचा अ‍ॅटनंतरचा भाग लिहिला, की त्या कंपनीबाहेरचे सगळे पत्ते लाल दिसतात. फारच कमी लोकांना ही सोय माहीत असते.

ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विषय निघालाय म्हणून सांगते. तिथे ब्राउझरमध्ये स्वतःचा मेल उघडा ठेवू नका. रोमानियातले बोग्दान बार्बुलेस्कू यांची गोष्ट मेलची नाही, मेसेंजरची आहे, पण तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडते. ग्राहकांच्या शंकांना उत्तरं द्यायला म्हणून कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी एक याहू मेसेंजर खातं उघडलं. पुढे कंपनीने त्यांचं लिखाण तपासलं, त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी केलेल्या गप्पा निघाल्या, आणि 2007 साली त्यांना कामावरून काढलं. मोठ्या लढ्यानंतर सप्टेंबर 2017 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निकाल दिला, की त्यांच्या खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला. पाळत किती आणि कशी ठेवली जाणार, हे त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण नोकरी गेल्यानंतर दहा वर्षांनी. आणि कंपनीने पाळत ठेवूच नये, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. आधी सांगून, प्रमाणात ठेवावी, असं म्हटलंय. तुम्हीही नोकरीला लागताना सही केलेल्या कागदांत तसं कलम असण्याची शक्यता बरीच आहे. ते काढून वाचा.

आता शेवटचं, जे तुम्ही पत्रात ‘सांगायचं राहिलं’ म्हणून लिहिलंत. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. चुकीच्या माणसाला गेलेला एक मेल विसरला जाईल. बँक आणि विमा ऑफिसच्या आयडीवर असणं मात्र ज्या दिवशी नोकरी सुटेल त्या दिवशी आडवं येईल. पुष्कळ कंपन्या शेवटच्या दिवशी, कधीकधी त्या दुपारीच, खातं बंद करतात. त्यानंतर पासवर्ड विसरलात आणि ‘नवा पासवर्ड मेलवर पाठवा’ दाबलंत, तर तो मेल तुम्हाला न दिसणाऱ्या पत्त्यावर जाणार. पत्ता बदलायला जावं, तर खात्री करायचा कोडही तिकडेच.

तेव्हा नोकरी चालू असताना, दोन्ही इनबॉक्स हातात असताना हे काम उरका. सुरुवात बँकेपासून करावीशी वाटेल, पण आधी तुमच्या स्वतःच्या आयडीचंच बघा. त्याचा रिकव्हरी पत्ता, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा पत्ता, ऑफिसचा दिलेला असेल, तर तो बदलून फोन नंबर आणि घरातल्या विश्वासाच्या माणसाचा पत्ता टाका, आणि दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करा. कारण उद्या बाकी सगळ्या खात्यांची वाट याच पत्त्यावरून जाणार आहे. मग फोनचं खातं, ज्यात फोटो आणि बॅकअप आहेत ते. मग बँक, कर, विमा, गुंतवणूक. वीजबिल, खरेदी, वर्तमानपत्रं यांना घाई नाही. कोणकोणती खाती आहेत ते आठवत बसू नका. ऑफिसच्या इनबॉक्समध्ये ‘पासवर्ड’, ‘स्टेटमेंट’, ‘ओटीपी’, ‘पॉलिसी’ असे शब्द शोधा, यादी आपोआप तयार होईल. प्रत्येक ठिकाणी पत्ता बदलल्यावर एकदा बाहेर पडून नव्या पत्त्याने पुन्हा लॉगिन करून बघा. काही ठिकाणी पत्ता बदलतो, पण स्टेटमेंट जुन्यावरच जात राहतं, ते वेगळ्या रकान्यात बदलावं लागतं. त्यानंतर महिनाभर ऑफिसच्या इनबॉक्सवर लक्ष ठेवा. जे राहिलंय ते स्वतःहून वर येईल.

ऑफिसच्या मेलमध्ये अडकलेले तुमचे स्वतःचे कागद, म्हणजे विम्याची पॉलिसी, आईचे जुने रिपोर्ट, ते उतरवून घ्यायला हरकत नसावी, पण घाऊक फॉरवर्ड करू नका. शक्यतो बँकेच्या, विमा कंपनीच्या, तपासणी केंद्राच्या साइटवरून ते नव्याने काढा. आणि एचआरकडे तुमच्या फाइलमध्ये संपर्काचा पर्यायी आयडी कोणता लिहिलाय, तेही याच आठवड्यात विचारून घ्या. तिथे ऑफिसचाच पत्ता असेल, तर नोकरी सोडताना शेवटचा हिशेब आणि अनुभवाचं पत्र बंद झालेल्या खात्यावर जाईल.